मोदकांआधी पत्ता द्या: जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

जर्मनीतल्या महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या बैठका आता सुरू होतील. मूर्ती पेणहून मागवायची की इथेच शाडूची करायची, हॉल कुठला घ्यायचा, ढोल कुणाकडचे, महाप्रसादाला किती पानं धरायची. त्या विषयपत्रिकेत आणखी एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. तोही शेवटच्या 'ऐनवेळचे विषय' मध्ये नको, जरा वर घ्या. विषय असा: १ ऑक्टोबरच्या आसपास तुमच्या शहरात उतरणारी मराठी मुलं पहिला महिना राहणार कुठे आणि टपालपेटीवर त्यांचं नाव लागणार कसं.

मी लातूरची. इंजिनिअरिंग पुण्यात केलं, मास्टर्ससाठी ऱ्हाइनच्या काठावरच्या एका शहरात आले, आता प्रबंध लिहितेय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर माझा नंबर कुणीतरी 'जर्मनीवाली ताई' म्हणून टाकला आहे. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की नांदेड, सांगली, जळगावहून फोन सुरू होतात. पूर्वी पोरं विचारायची, कुठलं विद्यापीठ चांगलं? आता बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: ताई, खोली मिळेल का कुठे?

आपल्याकडची मुलं इथे यायला लागली ती काही काल-परवा नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला आल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुण्यात जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे, चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. भगिनीच्या घरी उतरायला खोली मिळत नाही हा भाग वेगळा. फरक पडलाय तो संख्येत. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांनी चिनी मुलांना मागे टाकलं, आणि पुढच्या वर्षी आपली संख्या ४९ हजारांवर गेली. घरं काही त्या वेगाने वाढली नाहीत. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या मोठ्या शहरांत कित्येक महिन्यांच्या असतात. म्युनिकमध्ये शेअर्ड घरातल्या साध्या खोलीला सातशे-आठशे युरो पडतात, आणि व्हिसासाठी मुलांनी जे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवलेले असतात त्यातून दरमहा मिळतात ९९२ युरो. वर्षाचे ११,९०४. आपल्या पैशात आज ते बारा लाखांच्या आसपास जातात. ते बहुतेकांनी शैक्षणिक कर्जातून उभे केलेले असतात, काहींनी शेताचा तुकडा गहाण टाकून.

तुमच्यापैकी बरेच जण कंपनीच्या बदलीवर आलात किंवा हातात नोकरी घेऊन आलात. तुमचं पहिलं घर एचआरने किंवा रीलोकेशनवाल्यांनी बघून ठेवलं होतं. म्हणून विद्यार्थ्यांचं गाडं नेमकं कुठे अडतं ते जरा सविस्तर सांगते.

नवीन घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. तेच आपलं अनमेल्डुंग. त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं, 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते' असं. कायद्याने ते पत्र देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात बऱ्याच जाहिरातींत खाली लिहिलेलं असतं: अनमेल्डुंग मिळणार नाही. कारण मूळ भाडेकरूने मालकाला न विचारताच खोली पोटभाड्याने दिलेली असते. नोंदणी नाही तर करक्रमांक येत नाही. करक्रमांक नाही तर विद्यापीठातली हिवीची (विद्यार्थी सहाय्यकाची) नोकरी असो की सुपरमार्केटमधलं फळ्यांवर माल लावायचं काम, पगाराचं सगळं लांबतं आणि कर जास्तीत जास्त दराने कापला जातो. बऱ्याच बँका नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय खातं उघडत नाहीत, आणि इथलं खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधले स्वतःचेच ९९२ युरो हातात पडत नाहीत. व्हिसाचा स्टिकर असतो थोड्या महिन्यांचा. तो संपायच्या आत त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो. 'त्या शहराच्या' म्हणजे जिथे नाव नोंदवलंय तिथल्या.

विम्याचं, विद्यापीठातल्या नोंदणीचं मुलं कसंतरी जमवतात. विद्यापीठाला विम्याशिवाय नाव घालताच येत नाही, म्हणून तिथे कुणीतरी इंग्रजीत समजावून सांगणारं भेटतं. पत्त्याचं मात्र कुणीच बघत नाही.

आणि पत्ता म्हणजे नुसता रस्ता आणि घर क्रमांक नव्हे, हे आपल्या पोरांना इथे आल्यावर कळतं. बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. सगळी भिस्त टपालपेटीवरच्या आणि बेलवरच्या नावावर. लातुरात आमचा पोस्टमन 'गंजगोलाईच्या मागे, देशपांडे सरांच्या शेजारी' एवढ्यावर पत्र घरात आणून देतो, वर चहा पिऊन जातो. इथला पोस्टमन पेटीवर नाव बघतो, नसेल तर पत्र परत. आमच्या इमारतीत तळमजल्यावर जिन्याखाली अठरा पेट्यांची रांग आहे. त्यातल्या सहाव्या पेटीवर छापील जर्मन नावाच्या खाली वहीच्या कागदाच्या चार पट्ट्या सेलोटेपने चिकटवलेल्या: एक पंजाबी, एक तमिळ, एक इराणी आणि सगळ्यात खाली, टेप अर्धी सुटलेली, एक शिंदे. त्या शिंद्याच्या बँक कार्डाचा पिन दोनदा परत गेला. पहिल्यांदा पट्टीच नव्हती. दुसऱ्यांदा होती, पण सफाईवाल्याने जाहिरातींच्या कागदांबरोबर तीही ओढून काढली होती.

पहिल्या दोन महिन्यांत पोस्टाने काय काय येतं बघा. कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या, विम्याचं कार्ड, करक्रमांक, परदेशी नागरिक कार्यालयाच्या भेटीची तारीख. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिन्याला १८.३६ युरो. ही वर्गणी घरटी एकच असते, माणशी नाही. चौघांपैकी एकाने भरली की बाकीच्या तिघांनी त्याचा क्रमांक कळवायचा, विषय संपला. हे वाक्य कुणी सांगितलेलं नसतं म्हणून पोरं एकतर चारपट भरतात किंवा टीव्हीच नाही म्हणून पाकीट फेकून देतात, आणि दंडाची पत्रं सुरू होतात. पिवळं पाकीट आलं तर ते कधी, कुणी, कुठे टाकलं याची तारखेसकट नोंद होते आणि मुदत तिथून मोजायला लागते. 'मला मिळालंच नाही' हे मग चालत नाही. बी-वन म्हणजे मध्यम पातळीपर्यंत जर्मन झालेल्या मुलालाही या पत्रांतलं एक वाक्य धड कळत नाही. त्यात त्याचा दोष नाही, जर्मन माणसंसुद्धा त्या भाषेला वैतागलेली असतात.

आता मागच्या ऑक्टोबरची गोष्ट सांगते.

आमच्या कॉलेजचा एक ज्युनिअर, उदगीरचा. खोली मिळत नव्हती म्हणून त्याने इंटरनेटवरची एक जाहिरात धरली. मालक म्हणाला, मी सध्या स्पेनला आहे, तू डिपॉझिट आणि पहिलं भाडं भर, किल्ली कुरिअरने पाठवतो. करारनामा आला, पासपोर्टचा फोटो आला, सगळं व्यवस्थित. पोराने १,२०० युरो भरले. शनिवारी संध्याकाळी दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोचला तर खाली श्रवणयंत्रांचं दुकान आणि वरच्या मजल्यांवर वकिलांची ऑफिसं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळी दुकानं बंद. स्टेशनवर महागाचं सँडविच खाऊन त्याने मला फोन केला. रडला नाही, पण घरी सांगू नका असं तीनदा म्हणाला. पोलिसांत तक्रार झाली, पैसे काही परत आले नाहीत.

पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात त्याची तुमच्यापैकीच एका मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी ओळख झाली. चांगली माणसं, त्यांनी आपुलकीने विचारपूस केली. ते त्या श्रवणयंत्रांच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर राहतात. "अरे, आधी सांगायचं ना!" असं म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना, ते मी बघत होते. पण सांगायचं कुणाला? मंडळाच्या संकेतस्थळावर गणपतीचं पोस्टर होतं, सभासदत्वाचा फॉर्म होता, मागच्या वर्षीच्या लावणीचे फोटो होते. संपर्काच्या रकान्यात एक ईमेल होता, तो कोण उघडतं हे मंडळातसुद्धा कुणाला नक्की माहीत नव्हतं.

मंडळाचा विद्यार्थ्यांशी संबंधच नाही असं मी म्हणणार नाही. आहे की! ढोल वाजवायला पोरं लागतात, खुर्च्या मांडायला लागतात, दोनशे पानं उठल्यावर हॉल पुसायला लागतात. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत असते आणि त्या बदल्यात सकाळी आठला हजर राहायचं असतं. आम्ही आनंदाने येतो. घरापासून इतक्या लांब आरतीला टाळ्या वाजवताना जे वाटतं त्यासाठी खुर्च्या उचलणं काहीच नाही, आणि वरणभात-बटाट्याची भाजी पोटभर मिळते तो फायदा वेगळाच. पण भाद्रपदात गणपती, पुढे दिवाळी, आणि या दोघांच्या मधोमध सत्राची १ ऑक्टोबर. तुमचा सगळ्यात गजबजलेला काळ आणि आमचा सगळ्यात अडचणीचा काळ एकच आहे. एकाच हॉलमध्ये आपण शेजारी शेजारी उभे असतो आणि पाठीवर सॅक घेऊन पंगतीत वाढणाऱ्या मुलाला आज रात्री झोपायला जागा आहे का, हे कुणी विचारत नाही.

मग तुमच्याकडून काय हवं? पैसे नकोत. खोली बघायला जाणारी माणसं हवीत. भाडं ठरवण्याआधी खोलीत कुणीतरी प्रत्यक्ष पाऊल ठेवणं, एवढ्याने बरीच फसवणूक थांबते. नांदेडच्या मुलाने तुम्हाला पत्ता आणि वेळ कळवायची. तुम्ही ऑफिसातून येताना वीस मिनिटं थांबायचं, व्हिडिओ कॉल लावायचा, घर आहे का, किल्ली ज्याच्या हातात आहे तो खरा आहे का, अनमेल्डुंगचं पत्र देणार का, एवढे तीन प्रश्न विचारायचे. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हेही जमलं तर त्याच्या कानावर घालायचं. घरमालकांशी जर्मनमध्ये बोलणारा पन्नाशीचा माणूस समोर असला की त्यांचा सूर बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं वय आणि तुमचं जर्मन हे या कामातलं मोठं भांडवल आहे. आमच्याकडे दोन्ही नाही.

दुसरं, ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे, मुलं मोठी होऊन दुसऱ्या शहरात गेलीत, त्यांनी पहिले तीन-चार आठवडे एखाद्याला ठेवून घ्यावं. भाडं घ्या, जरूर घ्या. फुकट राहिलं की पोरंही संकोचतात आणि चौथ्या दिवशी तुम्हालाही जड होतं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण यावर मागे एका ग्रुपवर भलताच सल्ला फिरत होता. नुसता पत्ता 'वापरायला' देऊ नका. प्रत्यक्ष राहत नसलेल्या माणसाला नोंदणीसाठी पत्ता देणं बेकायदेशीर आहे आणि दंड ५० हजार युरोंपर्यंत होऊ शकतो. काही मंडळी दोन-तीनशे युरो घेऊन असे पत्ते विकतात, त्यांच्या नादी पोरं लागतात ती दुसरा मार्ग दिसत नाही म्हणून. खरोखर ठेवून घ्या, मग खरं पत्र द्या. तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर आधी मालकाची लेखी परवानगी घ्या.

आणि तिसरं, पत्रवाचन. महिन्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यात, नाहीतर लायब्ररीतल्या टेबलावर, दोन अनुभवी माणसं बसली तरी पुरे. पोरं साठलेली पाकिटं घेऊन येतील. कुठलं फेकायचं, कुठल्याला उत्तर द्यायचं, कुठल्याची मुदत उद्या संपतेय, एवढं सांगायचं. हिवाळ्यात साडेचारला अंधार होतो तेव्हा त्या निमित्ताने माणूस खोलीतून बाहेर पडतो, तेही काही कमी नाही.

यावर काय म्हटलं जातं ते मला माहीत आहे, कारण काही जणांशी आधी बोलले आहे. एक काका म्हणाले, आमच्या वेळी कोण होतं? आम्ही आमचं आम्ही केलं. खरं आहे काका, आणि त्याबद्दल आदर आहे. पण तुमच्या वेळी एका खोलीमागे इतके अर्ज नव्हते, आणि तुम्ही जे खस्ता खाऊन शिकलात तेच आज पुढच्यांना वीस मिनिटांत सांगता येण्यासारखं आहे. एक काकू जास्त मोकळेपणाने बोलल्या. त्यांनी एकाला ठेवून घेतलं होतं; तो रात्री साडेअकराला मिरचीची फोडणी द्यायचा, स्मोक अलार्म वाजून सगळी इमारत जागी व्हायची, शेजाऱ्यांनी मालकाकडे तक्रार केली. आणि खोली मिळाल्यावर गेला तो गेलाच, साधा दिवाळीचा मेसेज नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. अशी मुलं असतात. रात्री दहानंतर आवाज नको, काचेच्या बाटल्या रविवारी कुंडीत टाकायच्या नाहीत, कचरा चार डब्यांत वेगळा करायचा, हे उतरलेल्या दिवशीच खडसावून सांगा, मराठीत सांगा. ज्याला पटणार नाही त्याला दुसऱ्यांदा ठेवू नका.

वेळ नाही हे कारण मात्र मला पटत नाही. वाईट बातमी येते तेव्हा मंडळांना वेळ सापडतो. आपला एखादा विद्यार्थी इथे गेला, अपघाताने किंवा स्वतःच्या हाताने, की दोन दिवसांत निधी उभा राहतो, दूतावासाशी बोलायला माणसं पुढे येतात, कुणीतरी रजा टाकून शवागाराबाहेर थांबतं, पार्थिव गावी पोचेपर्यंत फोन चालू असतात. मी हे जवळून बघितलंय आणि त्या माणसांपुढे हात जोडते. त्यातला शंभरावा हिस्सा वेळ जिवंत मुलासाठी त्याच्या पहिल्या आठवड्यात मागतेय.

आमच्या बाजूने आम्ही काय करू, तेही लिहून देते. आमच्या शहरातल्या आम्ही काही जणींनी येणाऱ्यांची यादी ठेवायला सुरुवात केली आहे: कोण कुठल्या गावचा, कुठल्या विद्यापीठात, कधी उतरणार, खोली आहे की नाही. मुलाचे कागद, विद्यापीठाचं प्रवेशपत्र आम्ही तपासू. कुठल्या खोल्या बघायच्या तेही आम्ही गाळून देऊ, म्हणजे प्रत्येक भलत्यासलत्या जाहिरातीमागे तुम्हाला पळावं लागणार नाही. ज्याला मदत मिळाली त्याने पुढच्या सत्राला दोघांच्या खोल्या बघायच्या, ही अट आम्ही आधीच घालतोय. तुमच्याकडून प्रत्येक शहरात एक नाव आणि एक फोन नंबर हवा, ज्यावर संध्याकाळी सातनंतर माणूस फोन उचलतो. ईमेल नको. संकेतस्थळावर तो नंबर पोस्टरच्या वर असावा, खाली नाही.

या ऑक्टोबरला जमत नसेल तर एप्रिलपासून करा. उन्हाळी सत्राला येणारी मुलं बरीच कमी असतात, तेवढ्यात रंगीत तालीम होऊन जाईल. त्यांचे व्हिसा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, खोल्यांची शोधाशोध त्याच्याही आधी सुरू होते. तेव्हा नावं जानेवारीअखेरपर्यंत ठरली तर पुरे. स्टुटगार्ट, म्युनिक, बर्लिन, फ्रँकफर्ट आधी. या शहरांत आपली माणसंही जास्त आहेत आणि घरांची मारामारीही.

आपली नम्र,
जर्मनीत शिकणारी एक मराठी विद्यार्थिनी